यशवंतसागराच्या काठी एक मुक्काम

(ऊसविकास विभागाकडून)



उघड्यावर मुक्काम ठोकणे ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. आषाढीला पंढरीच्या वाटेवर लाखो वारकरी राहुट्यांत रात्र काढतात. धनगर बांधव मेंढरांचा वाडा घेऊन या रानातून त्या रानात उतरतात. आपल्या फडावर येणारे ऊसतोड कामगार तर पाच-पाच महिने कोपीत संसार मांडतात. हल्ली शहरातली मंडळी यालाच 'कॅम्पिंग' म्हणतात आणि त्यासाठी पैसे मोजतात, इतकाच काय तो फरक. परंतु आपण बागायतदार माणसे नुसते बसण्यासाठी, बघण्यासाठी म्हणून कधी पाण्याकाठी एक रात्र राहिलो आहोत काय? धरणावर आपण जातो ते पाणी कधी सुटणार हे विचारायला. नाहीतर पाळी लांबली म्हणून निवेदन द्यायला. ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, ते पाणी प्रत्यक्षात आहे तरी कसे, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी निवांत पाहिले असेल.

म्हणून यंदा गळीत हंगाम आटोपल्यावर ऊसविकास विभागातील आम्ही काहीजण आणि निरनिराळ्या गटांतील आठ-दहा सभासद असे मिळून उजनीच्या जलाशयावर, करमाळा तालुक्याच्या बाजूच्या काठावर, दोन रात्रींचा मुक्काम केला. बरोबर गळ घेतले होते. मासे धरायचे, रांधायचे, खायचे आणि पाणी बघायचे, एवढाच बेत. या मुक्कामात जे पाहिले व शिकलो ते सर्व सभासदांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

कोरड्या मुलखातले पाणी

सोलापूर जिल्हा हा पावसाच्या सावलीतला जिल्हा. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. करमाळ्याच्या माळावरून जाताना दोन्ही बाजूंना खुरटी बाभळ, मुरमाड टेकाडे आणि वाळले गवत दिसते. आणि एका उताराशी आल्यावर एकदम समोर नजर पोचणार नाही एवढे पाणी! पहिल्यांदा बघणाऱ्याला समुद्राकाठी आल्यासारखे वाटावे.

ही किमया भीमेची आणि माणसांच्या हातांची. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी पुणे जिल्ह्यातून खाली येते. माढा तालुक्यात उजनीजवळ तिच्यावर धरण बांधण्याचे काम १९८० साली पूर्ण झाले. यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पूर्ण भरल्यावर यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३१ कोटी लिटर. आपल्या जिल्ह्यात पाऊस पडला नाही तरी पुण्याच्या घाटमाथ्यावर पडतो, तिकडची धरणे भरतात आणि पाणी दौंडवरून खाली येते. म्हणून तर पावसाळ्यात आपल्याकडे पारावर बसलेला माणूस आपल्या आभाळाकडे कमी आणि "दौंडची आवक किती?" याकडे जास्त लक्ष देतो.

या पाण्याखाली गावे आहेत हेही विसरता कामा नये. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देवालय पाणी उतरले की वर येते व लोक ते पाहायला गर्दी करतात. आमच्या सोबत एक साठी ओलांडलेले सभासद होते. त्यांचे मूळ गाव बुडीत क्षेत्रातले. काठावर बसल्या बसल्या त्यांनी हात करून दाखवले, "ती होडी उभी आहे ना, तिच्या अलीकडं आमची विहीर. मोटेची. थोरल्या चिंचेखाली." आम्हा सर्वांना फक्त पाणी दिसत होते. त्यांना विहीर दिसत होती. ज्यांची जमीन गेली म्हणून आपली जमीन भिजली, त्यांचे ऋण सभासदांनी मनात ठेवावे, एवढेच येथे नमूद करतो.

गळ, आमिष आणि धीर

आता मासेमारीकडे वळू. आमच्यात दोघे माळकरी होते. त्यांनी गळाला हात लावला नाही, पण चूल सांभाळली आणि स्वतःसाठी पिठले-भाकरी केली. बाकीच्यांना काठावरच्या एका वयस्क भोई मामांनी धडे दिले.

गळाचे सामान फार लागत नाही. एक चिवट बांबूची काठी, तंगूस, लहान-मोठे दोन-चार गळ, खाली ओढायला शिशाचा छोटा तुकडा आणि पाण्यावर तरंगायला भेंडाचा किंवा थर्माकोलचा तुकडा. आमिष म्हणून गांडूळ सर्वांत उत्तम. ते शोधायला आम्हाला लांब जावे लागले नाही, कारण एका सभासदाने आपल्या पाचट कुजवलेल्या रानातून डबाभर गांडुळे आणली होती. (ज्यांनी पाचट जाळले त्यांना डबा रिकामाच न्यावा लागेल, असे कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.) राहू-मृगळासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून घट्ट गोळी करतात. मरळ हा शिकारी मासा. त्याला जिवंत लहान मासळी किंवा बेडकी लागते. मरळीचे वैशिष्ट्य असे, की हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो, म्हणून गढूळ, उथळ पाण्यातही तग धरतो.

जाणकारांनी सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात अशा :

पहाट आणि दिवस मावळतीचा तास, या दोन वेळा मासा काठाला येतो. भर उन्हात तो खोल जातो, तेव्हा आपणही सावलीला जावे.

जिथे ओढा येऊन मिळतो, जिथे बुडालेली बाभळ आहे, जुना बांध आहे, अशा जागी मासा असतो. मोकळ्या सपाट पाण्यात गळ टाकून बसणे म्हणजे मुरमात उसाचे बेणे लावण्यासारखे आहे.

पाण्याकाठी पाय आपटू नयेत. जमिनीची थरथर माशाला आवाजाआधी कळते.

भेंड हलले की लगेच हिसका देऊ नये. चिलापी आधी चोखते, मग गिळते. भेंड बुडून बाजूला सरकू लागले की मगच उचलावे.

पहिल्या दिवशी आमच्या वाट्याला आली ती मुख्यतः चिलापीच. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला. मादी आपली अंडी तोंडात धरून उबवते व पिल्ले जरा मोठी होईपर्यंत तोंडातच सांभाळते, म्हणून त्याची वीण फार वाढते. याउलट कटला, राहू, मृगळ हे आपले मोठे मासे साठलेल्या पाण्यात सहजासहजी वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते पुराचे पाणी लागते. म्हणून जलाशयात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. एखाद्या रानात पेरलेल्या पिकापेक्षा तणच जोर करावे, तशी चिलापीने येथे मुसंडी मारली आहे. अर्थात तण म्हटले तरी खायला गोड आहे आणि मच्छीमारांची चूल तिच्यावरच पेटते. कोळशाच्या आचेवर भाजलेली चिलापी, ज्वारीची भाकरी आणि आपली सोलापुरी शेंगांची चटणी, यापुढे हॉटेल फिके.

काही मंडळी घरच्या काचेच्या पेटीतले शोभेचे मासे कंटाळा आला की नदीत सोडून देतात. अंगावर कडक कवच असलेला असा एक मासा, त्याला लोक हेलिकॉप्टर मासा म्हणतात, अलीकडे उजनीत जाळ्यांत सापडू लागला आहे. तो जाळी फाडतो आणि बाजारात कोणी विचारत नाही. मुलाबाळांना सांगा, असे मासे नदीत सोडू नयेत.

टक्के आणि पावले

दुसऱ्या दिवशी पहाटे एक गोष्ट पाहिली. मामांनी पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकलेली होती. तिथून ते पाण्यापर्यंत पावले मोजत गेले. आम्ही विचारले, "मामा, हे काय?" ते म्हणाले, "साहेब, तुम्ही धरण टक्क्यात मोजता. आम्ही पावलांत मोजतो. आठ दिवसांत किती पावलं मागं गेलं ते बघायचं, म्हणजे होडी कुठं बांधायची ते कळतं."

हा धागा धरून आम्ही काठावरच बसून हिशेब मांडला. तो प्रत्येक ऊसउत्पादकाने नीट वाचावा.

उजनीतील ११७ पैकी सुमारे ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा आहे. उपयुक्त साठा उरतो तो ५३.५७ टीएमसी. धरण पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते आणि मृतसाठा सुरू होतो तेथे ती ४९१.०३ मीटर असते. दोन्हींतील फरक किती? ५.८० मीटर, म्हणजे अवघे १९ फूट! आपण ज्याला 'उजनीचे पाणी' म्हणतो, ज्यावर कालवे, उपसा योजना, ऊस, केळी, डाळिंब आणि गावोगावच्या पाणी योजना चालतात, तो हा १९ फुटांचा थर. आपल्या शिवारातली एखादी विहीर याच्या तिप्पट खोल असते.

जलाशय म्हणजे खोल हंडा नाही, पसरट परात आहे. पाणी एक फूट उतरले की सरासरी पावणेतीन टीएमसी कमी होते. आणि काठाचा उतार शंभराला एक असेल तर एक फूट पाणी उतरताच काठ शंभर फूट मागे जातो. मामांच्या पावलांचा अर्थ हा.

पसरट परातीतले पाणी उन्हाने झपाट्याने उडते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरा आणि पाण्याचा पसारा २५० चौरस किलोमीटर धरा. एका दिवसात २० लाख घनमीटर पाणी नुसते आभाळात जाते. उसाची एक पाळी ८ सेंटिमीटरची धरली तर एकराला सव्वातीन लाख लिटर पाणी लागते. म्हणजे ऊन एका दिवसात सहा हजार एकर उसाची पाळी पिऊन टाकते. दोन आठवड्यांत एक टीएमसी!

हा हिशेब ऐकल्यावर एक तरुण सभासद लगेच म्हणाले, "मग साहेब, उन्हानं नेण्यापेक्षा आम्ही नेलेलं काय वाईट?"

प्रश्न रास्त आहे व अनेकांच्या मनात तो असणार. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पाणी वापरू नका असे कोणीच म्हणत नाही. धरण वापरासाठीच बांधले आहे. परंतु जे पाणी आपण जलाशयातून काढतो ते सगळे उसात जाते काय? सरी तुडुंब भरून, रात्री बारे सोडून झोपी गेल्यावर जे पाणी मुळांच्या खाली जाते, शेजाऱ्याच्या बांधात जाते, ओढ्याला लागते, ते उन्हाने नेले काय आणि आपण नेले काय, सारखेच वाया गेले. उलट आपण नेलेले पाणी जाताना जमीन बिघडवून जाते. कालव्याखालच्या काळ्या रानात लवण फुटून चोपण झालेली शेते आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यात एके काळी साठ-सत्तर टन ऊस निघत होता, आज तेथे गवतही नीट येत नाही. उन्हाला आवर घालणे आपल्या हातात नाही. दारे धरणे आपल्या हातात आहे.

उणे झालेले धरण

२०२३ साली पाऊस कमी झाला व उजनी निम्म्याहून थोडी अधिकच भरली. परिणामी २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले. 'उणे' शब्दाची आपल्याला आता सवय झाली आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उपयुक्त साठा शून्य झाला म्हणजे पाणी संपले असे नाही. जे उरते ते मृतसाठ्यातले. त्यातूनच नदीकाठच्या गावांना व सोलापूर शहराला पिण्यासाठी द्यावे लागते. त्यातच माशांना जगायचे असते.

मामा सांगत होते, "त्या साली बाजारात मासा लई आला. लोकांना वाटलं मासा वाढला. वाढला नव्हता. पाणी आटलं, मासा एका जागी कोंडला, म्हणून घावला." उथळ पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मासा गुदमरतो आणि जाळ्यातही लवकर येतो. त्यातच बारीक आसाची जाळी लावून बोटुकलीही काढली जाते. पावसाळ्याच्या तोंडावर जी अंडी घालणार ती मादीच काढली जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर हा बेणेमळा तोडून कारखान्याला घालण्याचा प्रकार आहे. त्या हंगामाचे टनेज दिसते, पण पुढच्या लावणीला बेणे कोठून आणणार?

सुदैवाने २०२४ च्या ऑगस्टमध्येच धरण पुन्हा शंभर टक्के भरले. पाणी एका पावसाळ्यात परत आले. पण मासा एका पावसाळ्यात मोठा होत नाही, आणि दरसाल दैव साथ देईलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. पाण्याचा रंग कित्येक ठिकाणी हिरवा दिसतो. वरच्या शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि आपल्या शेतांतून वाहून आलेला युरिया, या सर्वांवर शेवाळ व जलपर्णी पोसते. आपल्याकडून एवढे तरी व्हावे की मळीमिश्रित पाणी ओढ्याला जाऊ देऊ नये, कीटकनाशकाचे डबे ओढ्यात धुऊ नयेत आणि पाऊस तोंडावर असताना युरिया फेकू नये. असे पाणी जलाशयात गेले की ते कुजताना प्राणवायू ओढून घेते व मासे मरून काठाला लागतात.

वाळवंटातले दुसरे सरोवर

असाच प्रकार जगात आणखी कोठे झाला आहे काय? झाला आहे, आणि त्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेत नेवाडा नावाचे वाळवंटी राज्य आहे. तेथे पिरॅमिड नावाचे सरोवर आहे. भोवती उघडे बोडके डोंगर, झाड नाही, आणि मध्ये निळे पाणी. ट्रकी नावाची नदी त्याला मिळते. लोक तेथे तंबू ठोकून राहतात व मासे धरतात. ट्राउट जातीचा मोठा मासा धरण्यासाठी हौशी मंडळी पाण्यात चक्क शिडी रोवून तिच्यावर उभी राहतात. सरोवर तेथील पायूट या आदिवासी जमातीच्या ताब्यात असून मासेमारीचा परवाना तीच जमात देते.

१९०५ साली त्या नदीवर डर्बी नावाचे धरण बांधून पाणी शेतीकडे वळवण्यात आले. शेती पिकली, पण सरोवराची पातळी दरसाल उतरू लागली. १९२५ साली या सरोवरात ४१ पौंडांचा, म्हणजे साडेअठरा किलोंचा, ट्राउट मासा सापडला होता. पुढे नदीचे मुख गाळाने उथळ झाले. अंडी घालायला मासा नदीत चढू शकेना. १९४० च्या दशकापर्यंत त्या सरोवरातली ती मूळ जात नाहीशी झाली. शेजारचे विनेमुका नावाचे सरोवर तर साफ कोरडे पडले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. फार वर्षांपूर्वी कोणीतरी तेच मासे दूरच्या एका डोंगरी ओढ्यात नेऊन सोडले होते. १९७० च्या दशकात ते तेथे सापडले. त्यांचे बीज वाढवून २००६ पासून पुन्हा सरोवरात सोडण्यात आले. आता तेथे पुन्हा मोठे ट्राउट गळाला लागू लागले आहेत. जे शंभर टक्के गेले असे वाटले ते मूठभर बीज राखल्याने परतले. शेतकऱ्याला यापेक्षा वेगळे काय सांगावे?

मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी

ज्यांना असा मुक्काम करावयाचा आहे त्यांनी पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात.

हिवाळा ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. भिगवण, कुंभारगाव बाजूला या दिवसांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. चित्रबलाक, पट्टकादंब हेही दिसतात. पक्ष्यांच्या जवळ जाऊन त्यांना उडवू नये.

गळ टाकण्यापूर्वी तेथील मच्छीमारांना व त्यांच्या सोसायटीला विचारावे. जे पाणी आपल्याला मौज आहे, ते त्यांचे पोट आहे. कोणाच्या लावलेल्या जाळ्याला हात लावू नये. वीतभरापेक्षा लहान मासा परत सोडावा. जेष्ठ-आषाढात मासा विणीला चढतो, तेव्हा गळ घरीच ठेवावा.

काठावर पाणी उतरल्यावर जी गाळपेर होते, त्या पिकातून वाट काढू नये. तंबू पाण्यापासून दूर, मुरमाड उंचवट्यावर ठोकावा. वरून कोरडा दिसणारा काळा गाळ आतून दलदल असतो. त्यात माणूस कमरेपर्यंत रुततो. अंधारात बॅटरीशिवाय हिंडू नये. घोणस व नाग काठाला असतात.

जलाशयातले पाणी पिऊ नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे. कचरा परत आणावा. स्टोव्ह नेल्यास बरे, काठावरची बाभळ तोडू नये.

सर्वांत महत्त्वाचे होडीविषयी. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) या मार्गावर प्रवासी होडी वादळात उलटली व सहा जण बुडाले. एकजण पोहून वाचला. हे पाणी शांत दिसते, पण मोकळ्या पसरट पाण्यावर वारा सुटला की लाटा उठायला वेळ लागत नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर होडीत पाय ठेवू नये. जीवरक्षक जाकीट अंगात असल्याशिवाय बसू नये, मग पलीकडचा गाव कितीही जवळ असो आणि नावाडी कितीही ओळखीचा असो. पोहता येते या भरवशावर तर मुळीच राहू नये. मदत लागल्यास ११२ क्रमांकावर फोन करावा.

काय करावयाचे?

परतताना गाडीत चर्चा चालली होती ती माशांची नव्हे, पाळ्यांची. ज्या सभासदाने उन्हाचा प्रश्न काढला होता त्यांनीच विचारले, की आमच्या तीन एकराला ठिबक बसवले तर किती पाणी वाचेल? जमीन, हवा व देखभाल पाहून ठिबकाने तीस ते पन्नास टक्के पाणी वाचते. ज्यांना लगेच ठिबक शक्य नाही त्यांनी एकाआड एक सरी भिजवावी, पाचट सरीत आच्छादून ठेवावे, पाळी दिवस मोजून न देता माती हातात घेऊन द्यावी. मुठीत गोळा होत असेल तर अजून पाणी नको. आडसालीला शेतात दीड वर्ष पाणी द्यावे लागते, म्हणून ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची खात्री नाही त्यांनी हौसेने आडसालीचे क्षेत्र वाढवू नये. शक्य तेथे उसात आंतरपीक घ्यावे व खोडवा पाचट ठेवूनच राखावा.

आपल्या कारखान्याचे गाळप, आपली बिले, मुलांची शिक्षणे, सारे त्या १९ फुटांच्या थरावर आहे. त्याच थरावर भोई-कोळी बांधवांची जाळी आहेत, शहरातल्या माणसाचा पिण्याचा हंडा आहे, आणि परदेशातून येणारे पक्षीही आहेत. वाटेकरी पुष्कळ आणि परात पसरट. अशा वेळी जो जास्त ओढतो तो शहाणा ठरत नाही. सगळ्यांच्या पंक्तीत बसून जो पुरवून खातो त्याच्या घरी पुढल्या साली पंगत बसते.

ज्या सभासदांना पुढील मुक्कामास यावयाचे असेल त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. खर्च ज्याचा त्याने करावयाचा आहे. महिला सभासदांची मागणी असल्यास त्यांच्यासाठी दिवसाची सहल वेगळी ठेवता येईल. येताना पांघरूण, बॅटरी, पिण्याचे पाणी आणावे, आणि आपल्या उसाच्या क्षेत्राचा व दिलेल्या पाळ्यांचा कागद बरोबर ठेवावा. गळाला मासा लागेपर्यंत वेळ पुष्कळ असतो, तेवढ्यात तो हिशेब एकत्र बसून पाहू.